नुसत्या हवेवर जगणारं झाड

पत्र, थोडक्यात:

पन्नाशी ओलांडलेल्या एका ताईंची लेक दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूर गेली. निघताना तिने काचेच्या गोळ्यात ठेवलेलं एक एअर प्लांट आईला दिलं. ‘आई, याला माती लागत नाही, पाणी लागत नाही, नुसत्या हवेवर जगतं. तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही,’ असं सांगून. ताईंनी ते आतल्या खोलीत फळीवर ठेवलं, आठवण झाली की पाण्याचा फवारा मारला. पाच महिन्यांत ते वाळून गेलं. त्यांनी कुणाला न सांगता तसंच दुसरं आणलं आणि पहिल्याची चूक नको म्हणून एकदा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पुन्हा गोळ्यात घातलं. आठवड्याभरात त्याची पानं मधूनच सुटून हातात आली. तिसरं त्यांनी खिडकीशी टांगलं, दर रविवारी पाण्यात बुडवलं. ते टिकलं. यंदा त्याची पानं लालबुंद झाली, जांभळी फुलं आली. फोटो पाहून लेक हरखली: ‘माझं झाड फुललं!’ ताईंनी तिची समजूत मोडली नाही. आता फुलं सुकली आहेत, खालची पानं वाळत चालली आहेत आणि सहा आठवड्यांनी लेक घरी येते आहे. ताई विचारतात: ‘चौथं आणून त्या जागी टांगू, की तिला सगळं सांगू? आणि ज्याला काहीच लागत नाही तेही माझ्याकडे मरत असेल, तर माझ्या हातालाच गुण नाही असं समजून हा नाद सोडून देऊ का?’

ताई,

चौथं झाड आणायला बाहेर पडण्याआधी तिसरं खाली उतरवा. खिडकीच्या उजेडात धरा आणि बुडाजवळच्या पानांच्या बेचक्यांत डोकावून पाहा. मुगाच्या दाण्याएवढा, फिकट हिरवा कोंब दिसतो का? एखादा असेल, कदाचित दोन-तीन असतील. आज दिसला नाही तर हिरमुसू नका, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहा. तो कोंब म्हणजे त्या झाडाचं पिल्लू. झाड मरतंय असं तुम्ही लिहिलंय. केळ व्याली की तिला कुणी मेली म्हणत नाही, आणि तुमच्या झाडाचं मला तसंच वाटतंय.

एअर प्लांटचं शास्त्रीय नाव टिलँडसिया. अननसाच्या कुळातली ही झाडं, मूळची अमेरिका खंडांतली, सहाशेहून जास्त जातींची. यांतल्या बहुतेकांची रीत केळीसारखीच: एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं. फुलून झालं की त्याची स्वतःची वाढ थांबते आणि उरलेली ताकद बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांकडे वळते. आईरोप काही लगेच जात नाही. कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ ते खालच्या पानांपासून सुकत जातं आणि तोवर पिल्लांना पोसत राहतं. फुलण्याआधी पानं लाल होणं, मग मधून जांभळ्या नळीसारखी फुलं येणं, या वर्णनावरून तुमचं रोप इओनान्था जातीचं असावं. तसं असेल तर ते पक्व होऊन, फुलून, आता उताराला लागलंय. यात तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही.

फक्त एक खात्री करून घ्या. बूड बोटांनी हलकेच दाबून पाहा. ते टणक असेल आणि वाळणं बाहेरच्या पानांपुरतं असेल, तर हा वयाचा भाग. बूड काळपट, मऊ लागलं आणि मधली पानं ओढताच सुटू लागली, तर ती कूज. दुसऱ्या झाडाच्या वेळी तुम्ही पाहिलीत ती.

आता त्या वाक्याकडे वळते. ‘नुसत्या हवेवर जगतं, काही करावं लागत नाही.’ तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला टोचलं ते ‘ज्याला काहीच लागत नाही तेही माझ्याकडे मरतं’ हे. तुमची सगळी खंत या एका समजुतीवर उभी आहे, आणि ती समजूत खोटी आहे. लेकीने ते मनापासून सांगितलं असणार, तिलाही कुणी तरी तसंच सांगितलं असणार. पण हवेवर जगणारं झाड अजून कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही सोप्या परीक्षेत नापास झाला नाहीत. तुम्हाला प्रश्नच चुकीचा सांगितला गेला होता.

गैरसमज जुना आहे हेही सांगते. कार्ल लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडांना नाव दिलं ते सतराव्या शतकातल्या एलियास टिलँड्झ या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञावरून. किस्सा असा सांगतात, की आजच्या फिनलंडमधल्या तुर्कूहून समुद्रापलीकडे स्वीडनच्या स्टॉकहोमला जाताना टिलँड्झला बोट इतकी लागली, की परतताना त्याने समुद्राचं नाव काढलं नाही आणि बोथनियाच्या आखाताला सगळा वळसा घालून तो पायी घरी पोचला. पाण्याची धास्ती घेतलेल्या माणसाचं नाव लिनिअसने दिलं ते ही झाडंही पाण्यापासून दूर राहतात असं वाटून. नाव चिकटलं ते कायमचं. झाडं मात्र पाणी पितात आणि चांगली पोटभर पितात. फक्त मुळांनी पीत नाहीत.

पानं जवळून पाहिलीत तर त्यांच्यावर रुपेरी लव दिसेल. ती लव म्हणजे अगदी बारीक खवले आहेत, छत्रीसारखे. कोरडे असताना ते उभे राहतात आणि ऊन परतवतात, म्हणून झाड चंदेरी दिसतं. भिजले की पानावर सपाट बसतात आणि पाणी आत ओढून घेतात. त्याच वेळी पान हिरवंगार दिसायला लागतं. रविवारी पाण्यातून काढताना हा रंग बदललेला तुम्हीही पाहिला असेल. मुळांचं काम फांदीला नाहीतर खडकाला धरून बसण्यापुरतं. ही बांडगुळंही नव्हेत. ज्या फांदीवर बसतात तिचा रस पीत नाहीत. रिकर्व्हाटा नावाची एक जात तर विजेच्या तारांवर वाढते, आणि तारेतून पिण्यासारखं काही मिळत नसतं. तिला पाऊस, धुकं, दव आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ पुरते. म्हणजे ‘हवा’ या शब्दात एवढं सगळं होतं. बंद खोलीतल्या हवेत त्यातलं काहीच नसतं, ते आपल्याला द्यावं लागतं.

या नजरेने तुमची तीन झाडं पाहा. तीन वेळा एकच चूक झाली असं तुम्ही धरून चालला आहात. मला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिलं तहानेने गेलं. फवाऱ्याचे थेंब पानावर बसतात आणि खवल्यांनी पुरतं पिऊन घेण्याआधी सुकून जातात. धुकं पडणाऱ्या जंगलात असं भिजणं तासन्‌तास चालतं, घरात दोन मिनिटं. अशा झाडाची पानं कडेने आत वळून पन्हाळीसारखी होतात, शेंडे तपकिरी पडतात, मग सगळं झाड कडक होतं. आतल्या फळीवर उजेडही कमीच पडला असणार.

दुसरं गेलं ते रात्रभर भिजवल्यामुळे असं तुम्हाला वाटतं. मला दोष त्या रात्रीचा कमी आणि काचेच्या गोळ्याचा जास्त वाटतो. खूप सुकलेलं झाड जाणकार लोकही काही तास बुडवून ठेवतात, आणि ते वाचतं. पण ओल्या झाडाला नंतर वारा लागला नाही, तर पानांच्या बुडात साठलेलं पाणी तिथेच राहतं आणि गाभा कुजतो. गोळ्यात वारा कुठला? पाणी दिल्यावर साधारण चार तासांत झाड पूर्ण कोरडं व्हायला हवं, हा या झाडांचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम. मी नव्याने पाळणाऱ्या प्रत्येकाला आधी हाच सांगते, पाणी किती द्यायचं ते त्यानंतर.

रात्रीबद्दलही थोडं. बहुतेक झाडं पर्णरंध्रं दिवसा उघडतात. ही झाडं कोरड्या जागी राहायला शिकलेली, म्हणून दिवसा रंध्रं मिटून पाणी वाचवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. रात्री पानांवर पाण्याचा थर असेल तर हे श्वास घेणंच अडतं. त्यामुळे पाणी सकाळी द्यावं. तुम्ही रविवारी कुठल्या वेळी बुडवता ते लिहिलं नाहीत. संध्याकाळी बुडवत असाल तर तेवढं सकाळवर आणा.

तिसऱ्याच्या वेळी तुम्ही कुणी न सांगता बरोबर केलंत. गोळ्यातून बाहेर काढलंत, खिडकीशी वाऱ्यावर टांगलंत आणि पाण्याचा वार ठरवलात. हे ज्या बाईला सुचलं, तिच्या हाताला गुण नाही हे मी मान्य करणार नाही.

रविवारची तुमची पद्धत थोडी पक्की करून देते. भांड्यात साध्या तापमानाचं पाणी घ्या, झाड वीस-तीस मिनिटं बुडवा, मग उलटं धरून चांगलं झटका. टांगण्याआधी तासभर ते आडवं किंवा उलटं ठेवलंत तर बेचक्यांतलं पाणी निथळतं. हवा फार कोरडी असेल, पंखा किंवा एसी सतत चालू असेल, तर मधल्या वारी एकदा फवारा मारा, तोही झाड निथळून ओलं होईल असा. हवा दमट असेल तर दहा दिवसांनी बुडवलं तरी चालतं. घड्याळापेक्षा पानांकडे बघा; पन्हाळ खोल झाली की तहान लागली.

पाणी पावसाचं मिळालं तर फारच छान. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा, त्यातला क्लोरीन बराच उडून जातो. पाणी मृदू करणारं यंत्र घरात असेल तर ते पाणी देऊ नका, त्यातले क्षार पानांवर साठतात. खत लागतंच असं नाही, पण द्यायचं तर ऑर्किडचं किंवा याच कुळाचं खत, सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याने, महिन्यातून एकदा बुडवायच्या पाण्यात. उजेड भरपूर हवा, पण भर दुपारचं ऊन काचेतून थेट येणारं नको. पूर्वेच्या खिडकीत ही झाडं खुशीत असतात.

एक गोष्ट मी स्वतः सोसून शिकले, म्हणून आवर्जून सांगते. तांब्याची तार वापरू नका. तांबं या कुळाला विष आहे. एका लाकडाच्या तुकड्यावर मी फार हौसेने एक मोठं रोप तांब्याच्या तारेने बांधलं होतं. तार दिसायला सुरेख होती, आणि जिथे जिथे ती पानांना टेकली तिथून ते रोप काळवंडत गेलं. कारण कळेपर्यंत उशीर झाला होता. त्या रोपाची आठवण अजून येते. प्लास्टिकचं आवरण असलेली तार किंवा नायलॉनचा दोरा घ्या. बुडाभोवती ओलं शेवाळ गुंडाळायचा मोहही टाळा. दिसतं छान, पण ओल धरून ठेवतं. आणि लेकीने दिलेला काचेचा गोळा अजून असेल तर तो टाकायची गरज नाही. पूर्ण कोरडं झालेलं झाड त्यात ठेवता येतं, तोंड उघडं हवं आणि उन्हात नको. पाण्याच्या दिवशी मात्र बाहेर.

असं झाड घरी असणाऱ्या इतर वाचकांसाठी एवढंच: आधी आपलं झाड कुठल्या स्वभावाचं आहे ते ओळखा. पानं जितकी चंदेरी आणि लवदार, तितकं ते कोरड्या मुलखातलं आणि पाणी कमी मागणारं. टेक्टोरमसारखं कापसाळ झाड दर आठवड्याला अर्धा तास बुडवलंत तर नाराज होईल. पानं जितकी हिरवी आणि गुळगुळीत, तितकी तहान जास्त. बल्बोसा किंवा कॅपुट-मेड्युसी यांचं बूड कांद्यासारखं फुगीर आणि आतून पोकळ असतं, त्यात पाणी अडकतं. ती बुडवून न ठेवता पाण्यात बुचकळून लगेच काढावी आणि उलटी टांगावी. झेरोग्राफिका ही कुरळ्या पानांची देखणी जात घ्यायची असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्या. जंगलातून इतकी ओरबाडली गेली, की तिचा देशाबाहेरचा व्यापार आता साइटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. झाड लगेच इतरांपासून वेगळं करा आणि पुंजके ओल्या कापसाने पुसून काढा.

आता लेकीचं.

चौथं आणून टांगणं सोपं दिसतं, पण ते टांगायचं म्हणजे तिसरं कुठे तरी लपवावं लागेल. जे तुमच्या हाताखाली फुललं, ज्याच्या बुडाशी आता पिल्लं येतील, नेमकं तेच माळ्यावर किंवा कचऱ्यात जाणार. आणि जे कधी फुललं नाही ते ‘फुललेलं झाड’ म्हणून खिडकीत मिरवणार. मला हा सौदा अजिबात पटत नाही. शिवाय चौथंही एक दिवस फुलेल आणि सुकू लागेल, तेव्हा पाचवं आणणार का?

दुसरा मार्ग, काहीच न बोलणं. तिसरंच राहू द्यायचं आणि तिचा समज तिच्यापाशी. याने कुणाचं मोठं नुकसान होईल असं मी म्हणणार नाही. पण सुकणारी पानं पाहून ती विचारेल, ‘माझं झाड मरतंय का गं?’ तेव्हा खरं उत्तर निम्मंच देता येईल. दीडेक वर्ष हे ओझं तुम्ही एकटीने वाहिलंय हे पत्रात ओळीओळीला दिसतं, मग पुढे कशाला न्यायचं?

एक गोष्ट विचारात घ्या. लेकीने दिलेलं पहिलं झाड जगलं असतं, फुललं असतं, तरी आज तेही असंच वाळत असतं. तेच एक झाड वर्षानुवर्षं जसंच्या तसं खिडकीत राहील, असं या जातीत होतच नाही. म्हणजे लेकीने दिलेलं ‘ते’ झाड सांभाळून ठेवण्यात आपण कमी पडलो, ही खंतही त्याच खोट्या समजुतीतून आली आहे.

आणि थोडं धाडस करून विचारते, रागावू नका. ‘तुला काही करावं लागणार नाही’ असं लेक म्हणाली ती तुमच्यावर भार नको म्हणून. पण तुम्हाला खरंच काही करायला नको होतं का? काहीच न लागणाऱ्या झाडासाठी तुम्ही दुसरं आणलंत, तिसरं आणलंत, जागा बदललीत, रविवार ठरवलात. झाड गेल्याचं लेकीला कळू नये एवढाच हेतू असता, तर प्लास्टिकचंही चाललं असतं. मला वाटतं तुम्हाला त्या खिडकीशी काही तरी सांभाळायला हवं होतं, आणि ते मिळाल्यावर तुम्ही जीव लावून सांभाळलंत. माझं चुकत असेल तर सोडून द्या. बरोबर असेल तर लेकीला हेही सांगा. आईला भार होईल म्हणून जपून वागणाऱ्या मुलांना आईला काय हवंय हे पुष्कळदा कळत नाही.

सांगायचं ती यायच्या आधी, फोनवर. दारात बॅग टेकवते आहे आणि तुम्ही मनाशी वाक्यं जुळवताय, असं नको. फार लांबणही लावू नका. ‘तू दिलेलं पाच महिन्यांत वाळलं गं, मला सांगवेना. दुसरं मी कुजवलं. फुललं ते तिसरं, आणि त्याला आता पिल्लं येतायत.’ एवढं पुरे. ती क्षणभर गप्प होईल, कदाचित थोडं वाईटही वाटेल तिला, विशेषतः ‘माझं झाड’ म्हणून तिने तो फोटो मैत्रिणींना दाखवला असेल तर. वाटू द्या. लगेच सावरासावर करू नका.

नाद सोडायचा का, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही तो विचारण्याआधीच दिलंय, म्हणून त्यावर वेगळं लिहीत नाही. पिल्लांचं मात्र सांगायला हवं. ती काढायची घाई करू नका. आईच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढं पिल्लू झालं, की मगच बुडाशी धरून हलक्या हाताने पिळ देत सुटं करता येतं. सहज सुटलं नाही तर राहू द्या. अजिबात न काढता झुपका होऊ दिला तरी चालतं. माझ्याकडे एक झुपका आहे, त्यातलं पहिलं आईरोप कुठलं होतं हे आता शोधूनही सापडत नाही. पूर्ण वाळलेली खालची पानं तेवढी बोटांनी ओढून काढा, नुसते शेंडे वाळले असतील तर कात्रीने तिरपे कापा. सुकलेली फुलंही काढून टाका, त्यांत पाणी अडकतं. आईरोपाला पाणी मात्र पूर्वीसारखंच द्या. आता ते एकटं पीत नाही.

सहा आठवड्यांत पिल्लू काही लेकीबरोबर पाठवण्याएवढं होणार नाही. पुढच्या खेपेला होईल. या खेपेला तिच्या मुक्कामात एखादा रविवार येईलच. त्या दिवशी भांडं तुम्ही भरा, बुडवायला तिला सांगा, आणि बाहेर काढल्यावर पिल्लाला धक्का न लावता उलटं धरून कसं झटकायचं ते दाखवा.